चार कप्प्यांची पेटी

माझ्या अस्तरावर, तिसऱ्या कप्प्याच्या तळाशी, एक डाग आहे. आकाराने पिंपळाच्या पानाएवढा. मधोमध तो तांबूस दिसतो आणि कडेला निळसर. दोन्ही रंग एकाच रसाचे आहेत. जांभळाचा रंग आंबट पदार्थात लाल होतो आणि साबणाच्या पाण्यात निळा. कुणीतरी साबणाच्या ओल्या हातांनी तो डाग पुसायला घेतला आणि मध्येच सोडून दिला, एवढे त्यावरून कळते.

मित्रांनो, मी प्रवासाची एक जुनी पेटी आहे. लोणावळ्याच्या एका शाळेत, प्रयोगशाळेतल्या कपाटावर मी असते. वर्षातून एकदा मुक्ताबाई मला खाली काढतात आणि मुलींना हा डाग दाखवतात. "बाई, कुणी पुसला होता?" असे एखादी मुलगी विचारतेच. मग बाई खडू उचलतात आणि फळ्याकडे वळतात. म्हणून ते मीच सांगते.

माझा जन्म लोणावळ्याच्या बाजारात महिपती पेटीवाल्यांच्या दुकानात झाला. सागाच्या पातळ फळ्या, वरून जाड कॅनव्हास, कोपऱ्यांना पितळी पत्रा. मला बनवून घेणारा दत्तोबा कार्ल्याचा. गावात त्याची भातखाचरे होती आणि लोणावळ्यात एका पारशी बाईंच्या बंगल्यावर तो बागकाम पाही. त्या बाईंकडून तो फळांची वाइन करायला शिकला होता. दारूबंदीचे दिवस होते, म्हणून घरात तिला सगळे औषध म्हणत. त्याने जांभळांची वाइन केली आणि बंगल्यातल्या जाड हिरव्या बाटल्यांत भरली. थोरला भाऊ हणमंता विलायतेत कारखान्यात होता. दत्तोबा त्याच्याकडे शिकायला जाणार होता, आणि विमानातून या चार बाटल्या नेणार होता.

"दत्तोबा, कपडे कुटं ठेवणार?" महिपतींनी विचारले.

"अंगावर."

"आन् बाटल्या फुटल्या तर?"

"म्हणून तर तुमच्याकडं आलोय. फुटल्या तर तुमचं नाव सांगीन."

हसत हसत त्या दोघांनी माझ्या पोटात चार कप्पे केले आणि त्यांना जुन्या घोंगडीचे अस्तर लावले. प्रत्येक बाटलीभोवती भाताचा कोंडा दाबून भरायचा, म्हणजे धक्का लागला तरी कोंडा तो गिळून टाकील, ही युक्ती दत्तोबाची. पेटी भरून झाली की तो माझ्या झाकणावर बोटांनी दोनदा ठकठक करी. ती ठकठक माझ्या फळ्यांत अजून आहे.

वाइन भरताना त्याने एक चूक केली होती. विलायतेत भावाला गोड लागावी म्हणून त्याने प्रत्येक बाटलीत थोडी काकवी घातली. वाइन यीस्टमुळे होते. यीस्ट हा डोळ्यांना न दिसणारा सजीव. तो साखर खातो आणि वायू सोडतो. थंडीत तो निजून होता. चैत्रात हवा तापली तसा जागा झाला, समोर काकवी होतीच. बुचाच्या कडेने बारीक सुस्कारे येऊ लागले.

दत्तोबाने झाकण उघडून कान लावला आणि आईला हाक मारली. "आई, ये हितं. ऐक. जित्ती हाय अजून. बोलतीया बघ."

सरुबाईंनी कान लावला. "काय म्हणती?"

"म्हणती, थोरल्याकडं कवा जायाचं?"

ज्येष्ठात, निघायच्या आठवड्यात, आईला ताजी जांभळे खाऊ घालून जावे म्हणून तो डोंगराच्या उतारावरच्या जांभळीवर चढला. जांभळीचे लाकूड ठिसूळ असते. वाडीवरचा सावळा ठाकर खालून ओरडत होता, "त्या फांदीवं नगं, दत्तोबा, मागं फिर!" फांदी मोडली. सावळाने त्याला पाठीवर घालून घरी आणले, तेव्हा माझ्या झाकणावर प्रवासाचा कोट घडी करून ठेवलेला होता. तो कोट तिथेच राहिला. हणमंताला तार मिळाली तोवर दहनही उरकले होते.

त्यानंतर मला कुणी हलवले नाही.

पुढच्या चैत्रात सुस्कारे पुन्हा सुरू झाले. सरुबाई दारात भात पाखडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या आत आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि झाकणाला कान लावला. त्या दुपारपासून त्या रोज येऊ लागल्या. वरच्या खाचरात पाणी किती, म्हशीला काय झाले, सगळे मला सांगत, आणि मग उत्तर ऐकायला थांबत. मी बोलू शकत नव्हते, पण माझ्या आतून आवाज येत होता. मित्रांनो, तो कुणाचा, हे मलाही तेव्हा नक्की ठाऊक नव्हते. बाहेर पाऊल वाजले की मी ठकठकीची वाट पाहत असे.

एकदा वैशाखात तिसऱ्या कप्प्यातली बाटली फुटली. सरुबाई अंगणात कपडे धूत होत्या, तशाच ओल्या हातांनी धावत आल्या. पुसता पुसता हात थांबवून त्या म्हणाल्या, "रागावलास व्हय रं? न्हाई धाडलं तुला थोरल्याकडं, म्हणून?" हिवाळ्यात आवाज बंद झाला की त्या जेवायच्या नाहीत. चैत्र आला की पोटभर जेवायच्या.

हणमंताचे एकच मागणे होते. गावाकडचा कुणी विमानाने येणार असला की तो कळवी, "दत्तोबाच्या हातचं माझ्याकडं काहीच नाही. एक बाटली पाठवा." आधी लोणावळ्याचे डॉक्टर जाणार होते. सरुबाई म्हणाल्या, "त्यांची ब्याग मऊ हाय, दाबली जाईल." मग एका ओळखीच्या अधिकाऱ्याची पत्र्याची पेटी आली. "पत्रा लय वाजतो," त्या म्हणाल्या. तीन वर्षे अशी गेली.

मुक्ताबाई या घरातल्या मधल्या, दत्तोबाच्या थोरल्या बहीण. रसायनशास्त्र शिकलेल्या. चौथ्या वर्षी त्यांना विलायतेत एक वर्ष शिकायला जागा मिळाली. बाटल्या आपणच नेऊ, असे त्यांनी ठरवले, परवान्याची चौकशीही केली. आईची खात्री पटावी म्हणून महिपतींच्या दुकानातून एकेक पेटी आणून त्यांनी परीक्षा घेतली. रिकाम्या बाटल्यांत पाणी भरायचे, त्यात विहिरीत घालतात ते लाल औषध टाकायचे, म्हणजे थेंब गळला तरी दिसावा. मग पेटी ओट्याच्या पायऱ्यांवरून खाली ढकलायची. पत्र्याच्या पेटीने धक्का जसाच्या तसा काचेला दिला. फायबरची बॅग वजनाने मधोमध वाकली. वेताच्या पेटाऱ्याची काडी मोडून आत घुसली.

"मुक्ताबाई," महिपती म्हणाले, "पोरीला स्थळ बघायला आलेली माणसं पण येवढी चौकशी करीत न्हाईत!"

"पोरगी पायऱ्यांवरून ढकलून बघत नाहीत, म्हणून फसतात," बाई म्हणाल्या. महिपती हसत सुटले.

शेवटी मला घेतले. माझ्यातल्या तीन बाटल्या अलगद बाजूला काढून ठेवल्या आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या. बाटलीला बाटली लागू द्यायची नाही, मान झाकणाला टेकू द्यायची नाही, कोंडा दाबून भरायचा. मी सगळ्या पायऱ्या गडगडत गेले. एक थेंब गळला नाही. मुक्ताबाईंनी मला उचलून घरात आणले. मला फार बरे वाटले.

सरुबाई म्हणाल्या, "कुलूप बरं न्हाई हिचं."

खऱ्या बाटल्या परत ठेवायला मुक्ताबाई माझ्यावर वाकल्या. चैत्र होता. बुचाशी सुस्कारा आला, आणि बाई तिथेच बसून राहिल्या. सगळ्या परीक्षा त्यांनी साध्या पाण्यावर घेतल्या होत्या. पाणी मुकाट राहते. या बाटल्यांत जे जागे होते, त्याला कुठलीच पेटी पुरी पडणार नव्हती. विमानात हवा जमिनीवरच्यापेक्षा विरळ होते, तिथे आतला वायू बूच उडवणार किंवा काच फोडणार. हे त्यांना पहिल्या चैत्रापासून ठाऊक होते. त्या ते बोलल्या नव्हत्या, कारण उपाय एकच होता.

मित्रांनो, तुम्ही एखादी वस्तू जपता तेव्हा ती कुणासाठी जपता, हे अधूनमधून विचारत जा. माझे कुलूप, माझे कोपरे, माझे अस्तर सगळ्यांनी तपासले. मला उघडून भावाच्या हाती द्यायचे मात्र कुणाच्याने होईना. मी जपली गेले, आणि माझे काम तेवढे राहून गेले.

दुपार झाली. बाटल्या परत माझ्या पोटात होत्या आणि झाकणावर तो कोट. सरुबाई नेहमीसारख्या येऊन बसल्या आणि कान लावला.

"आई," मुक्ताबाई म्हणाल्या, "पेटी कुठलीही घेतली तरी बाटल्या फुटतील."

"मग नगं न्यायला."

"इथं ठेवल्या तरी फुटतील. एक फुटलीच. नाहीतर आंबून शिरका होईल. बुचं सुईनं टोचून वायू सोडावा लागेल. मग बाटल्या ऊन पाण्यात उभ्या करायच्या. पाणी उकळू द्यायचं नाही, मी शाळेतला थर्मामीटर आणलाय. रंग राहील, चवही राहील. आतलं चालायचं मात्र थांबेल."

"थांबल म्हंजी?"

"यीस्ट आहे ते, आई. बारीक जीव असतो. काकवी खातो, म्हणून आवाज येतो."

"येवढं ठावं हाय मला. तू शाळंतनं यायची तवा त्यालाच शिकवायचीस की. मी चुलीशी असायची." सरुबाईंनी कान काढला नाही. "थांबल म्हणू नगं. मरंल म्हण."

"हो," मुक्ताबाई म्हणाल्या. "मरेल."

बाहेर सडकेवरून एक एसटी गेली आणि माझ्या पितळी कोपऱ्यांना बारीक कंप सुटला.

"येक ठेवू हितं? माझ्यापाशी?"

"ठेव. पण तीही एक दिवस गप्प होईल, नाहीतर फुटेल. तेव्हा मी इथं नसेन, तू एकटी असशील."

"आन् थोरला काय करील तिचं?"

"पिईल थोडी. रडेल. त्याला अजून रडायला मिळालेलंच नाही, आई."

सरुबाई सरळ बसल्या. झाकणावरचा प्रवासाचा कोट त्यांनी उचलला, झटकला, आणि मुक्ताबाईंच्या मांडीवर ठेवला. मग त्यांनी माझ्या झाकणावर बोटांनी दोनदा ठकठक केली. तशी ठकठक या घरात दुसऱ्या कुणाला येत असेल, असे मला वाटले नव्हते.

"चुलीवर पाणी ठेव, मुक्ते," त्या म्हणाल्या. "तिन्ही काढ. धाडू त्याला थोरल्याकडं."