पाण्याखालची भिंत

अख्खी वस्ती तिला तोफ म्हणायची, आणि काही उगाच नाही. ही नदीकाठची मूळ माणसं; पण नदीवर धरण झालं आणि आता त्या तलावातली मासेमारी एका कंपनीला द्यायचं घाटत होतं. सुनावणीत साहेबांनी विचारलं, "धरणाआधी तुम्ही इथे मासे धरत होता, याला पुरावा काय?" तोफ ताडकन उठली. "मासे अडवायला आमच्या पूर्वजांनी बांधलेली दगडी भिंत आहे पाण्याखाली. या बघायला!"

"येतो," साहेब म्हणाले. "धरणाच्या दरवाजांच्या दुरुस्तीसाठी पाणी सोडणारच आहेत. भिंत दिसली तर हक्क तुमचा. नाहीतर होड्या काढून घ्या."

आता आली का पंचाईत! भिंत तिने पाहिली होती कुठे? पाहिली होती सासूने, तीही लहानपणी, आणि सासूच्या गोष्टीतला मासा तर दरवेळी हातभर वाढायचा.

त्या सकाळी सगळे काठावर जमले. पाणी उतरत होतं आणि दिसत होता नुसता चिखल. तोफ सासूच्या कानाशी लागली.

"आई, खरंच आहे ना हो भिंत?"

"गप गं," सासू म्हणाली. "इतकी वर्षं बुडालीये, आणखी जरा दम धर."

मग पाण्यावर एक काळी रेघ उमटली. वाढत वाढत या काठापासून त्या काठापर्यंत गेली. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड बिलगलेला. अगं बाई! सासूने वाढवून कुठलं, उलट कमीच सांगितलं होतं. तोफेचे डोळे घळाघळा वाहू लागले.

आणि भिंत नुसती उभी नव्हती. फटींतून पाणी वाहत होतं, बोटाएवढी पिल्लं सुळकन पार होत होती, मोठे मासे मागे अडकून उसळत होते. बांधणारे कधीच मातीत गेले, पण भिंत आपली कामावर हजर! कंपनीचा माणूससुद्धा आ वासून बघत राहिला.

साहेब बुटांसकट चिखलात उतरले. "अहो, बघत काय बसलात? तुमचे मासे तडफडताहेत, काढा की!"

'तुमचे मासे' असं बोलून गेले आणि स्वतःच थबकले. कारकुनाने हळूच विचारलं, "साहेब, काय लिहू?"

साहेबांची नजर भिंतीवरून हलेना. "बोललो तेच लिही."

सासू केव्हाच गुडघाभर पाण्यात शिरली होती. "अगं तोफे, रडतेस काय," ती ओरडली, "जाळं आण!"