शुक्रवारचा नळ

“नळ बंद कर आधी! पाणी काय फुकट येतं?” बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून ओरडले.

मोरीतला नळ बंद झाला. गाऊनला हात पुसत आई बाहेर आली. तोंडात काहीतरी होतं, ते तिनं भिंतीकडे वळून गिळलं.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला हा तिसरा शुक्रवार, बाबांच्या सुट्टीचा वार. या दिवसांतल्या दर शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत बाबा पाण्याशिवाय काही घेत नाहीत. उपवास त्यांचा, हाल आमचे. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस एरवी बरा असतो, पण उपवासाला त्यांना चपलेचा आवाजही सोसत नाही. चर्चमध्ये मात्र केवढा मान! “उपवास म्हणजे दुसऱ्याची भूक ओळखायला शिकणं,” असं ते तरुण मंडळींना सांगतात. मी मागच्या बाकावर दातओठ खात बसते. तेवढं खाल्लेलं त्या दिवशी चालतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी आई त्यांच्यासमोर जेवायला बसली होती. “मी देवापुढे उपाशी बसलोय आणि तू मचमच करतेस?” एवढंच ते बोलले. तेव्हापासून गेली तीस वर्षं उपवासाच्या दिवशी आई मोरीत उभ्यानं खाते. चावल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा जेवतात.

मी किती वेळा भांडले असेन.

“आई, तुला डायबेटीस आहे. गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं. बस ना टेबलाशी!”

“अगं, ते उपाशी असतात ना. कशाला उगीच त्यांना दुखवायचं?”

“आणि तुझं काय?”

“माझं काय, मी खाते की.”

एरवी बाबा बाहेरच्या खोलीत असतात. या शुक्रवारी मात्र तिकडे ऊन फार म्हणून ते मोरीच्या दाराशीच ठाण मांडून बसले. आई मशीनवर शिंप्याकडचे शर्ट शिवत राहिली. तिनं खाल्लं असेल, असं मी धरून चालले. दुपारी मशीनचा आवाज थांबला. वळून पाहिलं, तर ती शर्टांच्या ढिगावर कोसळली होती.

हॉस्पिटलात सलाइन लावलं. साखर पार उतरली होती. नर्सनं तिच्या गाऊनच्या खिशातून पावाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. एका कडेला चावलेला.

चारच्या सुमारास आईनं डोळे उघडले. “आता काहीतरी खाऊ घाला, लगेच,” नर्स म्हणाली. मी कॅन्टीनमधून आणलेला पाव दुधात बुडवला. आईनं स्टुलावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

“खा ना,” बाबा म्हणाले.

आईनं कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट केलं. “बाळ, तो नळ सोड जरा.”

मी सोडला.

“नळ कशाला?” बाबांनी विचारलं.

या प्रश्नाची मी कितीतरी वर्षं वाट पाहत होते. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. मोरी सांगितली, उभ्यानं खाणं सांगितलं, सकाळी ते ओरडले तेव्हा तिच्या तोंडात काय होतं तेही सांगितलं. मग तिच्या खिशात सापडलेला तो तुकडा त्यांच्या नाकासमोर धरला.

“दुसऱ्याची भूक ओळखता ना तुम्ही? ओळखा ही.”

“गप गं,” आई पुटपुटली. “ते उपाशी आहेत.”

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन अजून बरंच वर होतं. त्यांनी माझ्या हातातला तो चावलेला तुकडा घेतला, तोंडात घातला आणि चावू लागले. सकाळचा सुकलेला पाव घशाखाली उतरेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ते चावत राहिले. आई टक लावून बघत होती. मग तिनं तोंड उघडलं.

मी त्यांना माफ वगैरे केलं नाही. आईला दोन घास भरवले आणि उठून नळ बंद केला.