तलावाचं जेवण

"हे तं मेलेले हायेत," गोकुळा म्हणाली.

सुकलूने घमेल्यात पोतं उपडं केलं तेव्हा आठ मरळ मासे एकावर एक पडले आणि एकानेही शेपूट हलवली नाही. सुकलू तिचा धाकटा दीर. मोठा पराक्रम करून आल्यासारखा दारात उभा होता.

"सायकलवर दबले ना वयनी. पोत्यात हवा कुठी लागते? धरले तवा उड्या मारत होते."

मासे धरणाऱ्या धिवराच्या घरात मरळ येतो तो जिताच. पाण्याबाहेर काढला तरी तास-तासभर वळवळतो, विळ्याखालून निसटतो. मेलेला मरळ कोणी आणला, तर गोकुळाची सासू त्याला दारातूनच वाटेला लावायची. आणि गोकुळा स्वतः वीस वर्षं सावली गावच्या बाजारात मासे विकत बसलेली बाई! तिला हे कोणी शिकवायला नको होतं. पण आज गावची मंडई होती.

दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगावी मंडया, म्हणजे जत्राच, भरतात. रात्री नाटक, दिवसा पाहुण्यांच्या पंगती. या वर्षी तर लेकीच्या, दामिनीच्या, सासरची माणसं पहिल्यांदाच येणार होती, घुग्घुसहून, जीप करून. दामिनी आठ दिवस आधीच आली होती. पाचवा महिना लागला होता तिला. तिनेच आल्या आल्या आईच्या डोक्यात भुंगा सोडून दिला.

"आई, तिकडं खानीच्या कालनीत पार्ट्या होतात ना, तं एकीनं सगळं पिवळंच केलं होतं. भात पिवळा, मिठाई पिवळी, साडीबी पिवळी!"

"माय वं! कावीळ झाल्यावानी?" गोकुळा हसली होती. मग विळा बाजूला ठेवून म्हणाली, "आपन सगळं तलावाचंच करू. तुह्या सासूनं जलमभर नाव काढलं पायजे."

उकडलेले शिंगाडे, कमळाच्या देठांची भाजी, काठावरच्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, झिंग्यांची चटणी. आणि मधोमध मरळाचा रस्सा. सगळं ठरल्यासारखं झालं होतं, फक्त मरळच नव्हते. तिच्या नवऱ्याने, शालिकरामने, पहाटेपासून तीनदा जाळं टाकलं आणि बोटाएवढी मासोळी घेऊन मान खाली घालून आला. पाहुणे तासाभरात येणार होते.

गोकुळाने एका मरळाचे कल्ले उघडून पाहिले. लाल होते. वासही काही नव्हता. तिने दुसऱ्याचे पाहिले नाहीत. राख लावून कापायला बसली, पण मनात काहीतरी टोचत होतं, आणि ते टोचणं बुजवायला ती उगाच सुकलूवर ओरडत होती, लाकडं ओली आणली म्हणून.

रस्सा उकळला. मिठासाठी तिने पळीभर चाखला. तेवढ्यात दामिनी चुलीजवळ येऊन बसली.

"आई, वासानंच जीव चालला माहा."

"खाय मग. पोटुशीचं मन मारत नसतात." गोकुळाने भातावर रस्सा घातला, दोन चांगले तुकडे घातले. लेक बोटं चाटूनपुसून खात होती आणि आई बघत होती. त्या घटकेला ती खरोखर सुखी होती.

जीप आली. जावई प्रफुल, त्याचे आईवडील, दोन काका. ओसरीवर पंगत बसली. विहीणबाई गंभीर चेहऱ्याची बाई, पण पत्रावळीकडे बघून तीही खुलली.

"अव, हे तं सगळं तलावाचंच हाय! कोनाले सुचलं?"

गोकुळा लाजली. रश्श्याचा गंज चुलीवरून उचलून आणायला ती आत वळली, आणि बाहेर येते तो शेजारचा वारलू दाराशी उकिडवा बसून शालिकरामला सांगत होता, "सोमाजीच्या वावरातल्या बोडीत पाह्यलं का? सारे मासे उलटे तरंगून राह्यले. धान फवारायच्या औषधाचा पंप धुतला म्हने त्यानं तिथी, काल."

गोकुळा दारातच थांबली.

"सुकलू," ती म्हणाली, "मरळ कुठचे?"

सुकलूची नजर खाली गेली. "सोमाजीच्याच बोडीतले, वयनी. काठालेच होते सुस्त. हातानंच धरले. मले वाटलं, नशीबच उघडलं."

पंगत भात कालवून वाट बघत होती. प्रफुलने हसत पत्रावळ पुढे केली. गोकुळाने गंज दोन्ही हातांनी छातीशी धरला. गरम होता, चटके बसत होते.

"कोनी खाऊ नका. याच्यात विष हाय."

प्रफुलने पत्रावळ मागे घेतली.

"आनि दामिनीनं खाल्लं," ती म्हणाली, आणि तिचा आवाजच फुटला.

जीप सावलीकडे निघाली. दामिनी मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला सासू. अर्ध्या रस्त्यात दामिनीने जीप थांबवायला लावली आणि भडाभडा ओकली. "आई, गरगरून राह्यलं. बाळाले काही होईन का वं?" देवा, मले ने, हिले ठेव, एवढंच गोकुळा मनात घोकत होती. तिचंही डोकं फिरत होतं, जीभ जड झाली होती. ते तिने कोणालाच सांगितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घातली, सलाईन लावलं. बाहेर येऊन विचारलं, "मासे आणले तेव्हा जिवंत होते?"

प्रफुल आणि शालिकरामसोबत मागे लटकून आलेला सुकलू हात जोडून पुढे झाला. "डाक्टरसाहेब, माही चूक हाय, मीच..."

"त्याची नाई," गोकुळा म्हणाली. विहीणबाई तिच्याकडेच बघत होती. "मेलेले हायेत हे मले दिसलं होतं. मी धिवरीन आहो, मले कळते. पाहुन्यांपुढं पानात मरळ पायजे म्हनून शिजवले मी."

मग तीन तास. भिंतीवरचं घड्याळ आणि पडद्यामागची लेक. नर्स बाहेर आली की गोकुळा उठून उभी राही आणि तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस होत नसे. आत जायला मिळालं तेव्हाही ती दाराशीच राहिली. लेकीच्या अंगाला हात लावायची तिला भीती वाटत होती.

चार वाजता डॉक्टर म्हणाले, "धोका टळला. बाळाचे ठोके नीट आहेत." शालिकराम भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

विहीणबाई बाकावर गोकुळाशेजारी येऊन बसली. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"इहीनबाई, राग मानू नका. पोरीले इथूनच घेऊन जातो आम्ही. आन बाळंतपन घुग्घुसलेच करू."

पहिलं बाळंतपण माहेरी. गोकुळाने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता. भांडायचे दोन-चार शब्द ओठांवर आलेही. मग तिला ते घमेलं आठवलं.

"बरं," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "तिले अंधारात झोप येत नाई. दिवा ठेवा लागते."

"ठेवीन," विहीणबाई म्हणाली.

दिवस बुडता बुडता गोकुळा घरी आली. मंडईच्या मांडवात कोणीतरी भोंग्यावर हॅलो, हॅलो करत होतं. गावभर पाहुण्यांची लगबग होती. तिने पदर खोचला, कुदळ घेतली आणि परसात खड्डा खणायला लागली. रश्श्याचा गंज झाकून शेजारी ठेवला होता.

शालिकराम कंदील घेऊन मागे उभा होता.

"बस झालं ना. मांडीएवढा झाला."

"कोनाचं कुत्रं-मांजर उकरीन," ती म्हणाली, आणि खणत राहिली.