मावशीआजीचा निळा आवाज

माझ्या टोपणाला एक चीर आहे. मित्रांनो, ती आधीच सांगून टाकतो. पुढे मी थोडी बढाई मारणार आहे, आणि तेव्हा कुणी म्हणायला नको, की बघा, स्वतःची चीर मात्र लपवली.

मी एक जुना शाईचा पेन. अंग काळ्या एबोनाइटचं, म्हणजे दगडासारख्या घट्ट झालेल्या रबराचं. एका अरुंद गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत एक म्हातारा कारागीर लेथ चालवायचा. त्याने एक काळी कांडी लेथवर चढवली, आणि ती फिरता फिरता तिच्या अंगावरून काळ्या सालीचे लांब लांब दोरे सुटू लागले. दोरे संपले तेव्हा आत मी होतो. मग त्याने माझं पोट पोखरलं, गळ्याला आटे पाडले, पोलादाची निब बसवली आणि निबेखाली शाई आणून देणारी एक खाचांची पट्टी सारली. तिला जीभ म्हणतात. तेव्हा मला जीभ आहे, पण बोलायला मात्र कुणाचा तरी हात लागतो.

तो हात मिळाला मावशीचा. तेव्हा ती कुणाचीच मावशी नव्हती. शिवणाच्या दुकानात मापं घेणारी आणि कापड बेतणारी, गळ्यात टेप टाकून फिरणारी मुलगी होती.

"रोज चाळीस-पन्नास माणसं लिहून काढायची आहेत. टिकेल ना?" तिने विचारलं.

"पेन टिकेल. तू टिकशील का, ते सांग," कारागीर म्हणाला.

ती अशी हसली, की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघून गेला. कारागिराने ड्रॉपरने माझ्या पोटात शाई भरली आणि मला तिच्या हातात दिलं. "लिहून बघ."

"काय लिहू?"

"मी सांगतो तेच लिही. भरायचा तर काठोकाठ भर, नाहीतर रिकामा ठेव. अर्धा ठेवलास, तर नुसत्या उबेनेही रडेल."

मावशीने मापांच्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर ते वाक्य लिहिलं. माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. ते लक्षात असू द्या.

त्यानंतर एकतीस वर्षं मी तिच्या कानामागे राहिलो. खांदा साडेपंधरा, बाही तेवीस, उंची अडतीस. किती माणसं माझ्या निबेखालून गेली, त्याला गणती नाही. काही गिऱ्हाइकं टेप लावली, की पोट आत ओढून घ्यायची. मावशी त्यांचं माप मोठ्याने बारीक सांगायची आणि माझ्याकडून गुपचूप खरं लिहून घ्यायची. गिऱ्हाईकही खूश, कपडाही बसायचा. आमच्या वहीवरून बेतलेला एकही कोट उसवायला परत आला नाही. हे मी छाती फुगवून सांगतो.

मावशीचा आवाज मोठा. रस्त्याच्या पलीकडे चहा सांगायचा असला, तरी तिने जागेवरून उठू नये. आणि मशीनवर बसली, की तोच आवाज मऊ व्हायचा. पायाच्या तालावर ती दोन-दोन ओळी जुळवायची, गुणगुणायची, विसरून जायची. एखादी फारच आवडली, तर माझ्याकडून वहीच्या कोपऱ्यात टिपून घ्यायची.

मग दुकानात कॉम्प्युटर आला. मापं त्याच्या पोटात गेली, आणि मी बटणांच्या डब्यात. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी मावशीला सोनेरी निबेचा नवा पेन दिला, मखमलीच्या पेटीतला. तो कपाटात वरच्या फळीवर बसला. माझा डबा एकदा खाली पडला, तेव्हाच ही चीर पडली. शाई आत वाळून खडा झाली होती. मला कुणाचा राग नव्हता आला. फक्त वाटायचं, एखादं माप तरी विचारा.

त्याच काळात मावशीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मावशी वाचली, आवाज नाही वाचला.

दवाखान्यात तिच्या हातात बॉलपेन दिला. पण बॉलपेन दाबावा लागतो, आणि तिच्या मनगटात तेव्हा जोर नव्हता. अक्षरं अर्धवट उमटत. तिने थोरल्या बहिणीला खुणेने काहीतरी सांगितलं: कानामागे बोट नेलं, मग हवेत गोल गोल बटणं काढली. ताई बोलण्यात पटाईत, खुणांमध्ये कच्ची. तिने आधी चष्मा आणला, मग औषधाच्या गोळ्या, आणि तिसऱ्या दिवशी बटणांचा डबा.

कोमट पाण्यात दोन दिवस भिजलो, तेव्हा माझी जीभ सुटली. मला दाबावं लागत नाही. नुसतं कागदावर टेकवलं, की माझ्या वजनानेच चालतो. माझ्याकडून मावशीने पहिलं वाक्य लिहिलं: "ताई, जरा गप्प बस."

ताई रडता रडता हसली. आणि अर्थातच गप्प बसली नाही.

त्या दिवसापासून मी मावशीचा आवाज आहे. चार वर्षं झाली.

ताईची मुलगी, म्हणजे मावशीची भाची, समुद्रापलीकडे राहते. तिला सहा वर्षांची मुलगी आहे. मावशी तिला 'बटण' म्हणते. बटण तीन वर्षांची झाली, तेव्हापासून मावशी तिला दर आठवड्याला पत्र पाठवते, माझ्या जाड निळ्या अक्षरात. भाचीने लेकीला आपली मुळाक्षरं त्या पत्रांवरूनच शिकवली. प्रत्येक पत्राच्या शेवटी या दोन ओळी असतात:

सुईच्या मागे दोरा, दोऱ्याच्या मागे गाठ,
माझ्या बटणाच्या मागे माझी निळी पाऊलवाट.

यंदा भाचीने दोघींना बोलावलं. पण ताईच्या गुडघ्यांनी नकार दिला, डॉक्टरांनी त्यावर शिक्का मारला. मावशीने एकटीने जायचं ठरलं.

"तिथे कुणी काही विचारलं तर?" ताईचा एकच धोशा. "मी असते, तर दोघींचं मीच बोलले असते."

"जन्मभर तेच केलंस," मावशीने लिहिलं.

जाण्याला चार दिवस उरले, तेव्हा टेबलावर तीन पेन मांडले गेले. मखमलीतला सोनेरी, एक बॉलपेन, आणि मी. खालच्या मजल्यावरचे विमानकाका सल्ला द्यायला आले. ते आयुष्यात एकदाच विमानात बसले होते, पण त्या प्रवासातून अजून उतरले नव्हते.

त्यांनी मला उचलून हलवून पाहिलं. "हा? विमानात? वर हवा पातळ होते, मावशी. पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. न्यायचाच असेल, तर निम्मी शाई काढून टाका. कमी शाई, कमी धोका."

मित्रांनो, मला पक्कं ठाऊक होतं, की हे चूक आहे. पण मला हाताशिवाय बोलता येत नाही. त्यांनी माझी निम्मी शाई दौतीत ओतली आणि मला स्वतःच्या खिशात खोचलं. "चला, प्रयोग करू. गच्चीपर्यंत जाऊन येतो."

काका जाडजूड, चार मजले, ऊन. त्यांची छाती तव्यासारखी तापली. माझ्या पोटातली रिकामी हवा फुगली आणि तिने शाईला दार दाखवलं. परत आले, तेव्हा काकांच्या पांढऱ्या शर्टावर तळहाताएवढं निळं तळं होतं.

"बघितलंत? मी म्हटलं नव्हतं?" काका जवळजवळ आनंदानेच म्हणाले.

"आणि हिच्या पिशवीत बटणाचा पिवळा फ्रॉक असणार," ताई म्हणाली. "नको गं बाई हा. म्हातारा झालाय. बॉलपेन ने."

मावशीने मला पुसून बाजूला ठेवलं. तिची बोटं निळी झाली होती. एकतीस अधिक चार वर्षांत मला माझी अशी लाज कधी वाटली नव्हती.

सोनेरी पेनाचीही परीक्षा झाली. तो इतकी वर्षं न लिहिता बसला होता, की कागद दिसताच खरवडायला लागला. उरला बॉलपेन. मावशीचं मनगट आता बरं होतं, दाबून दाबून लिहिता येत होतं.

संध्याकाळी फोनवर भाची आणि बटण दिसल्या. मावशीने बॉलपेनने कागदावर लिहिलं, "मी येतेय," आणि कागद पडद्यासमोर धरला. एरवी बटण लगेच वाचते. आज ती नाक पडद्याला लावून बघत राहिली. रेघा बारीक होत्या, फिक्या होत्या, थरथरत होत्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "मावशीआजीचा आवाज बसलाय का?"

मावशीने कागद खाली ठेवला. तिकडे भाची लेकीला काहीतरी समजावत होती, पण बटण आईच्या मागे सरकली. "मला ही नको. निळी मावशीआजी कधी येणार?"

फोन बंद झाला. मावशी उठली, तिने पलंगाखालची ट्रंक ओढली आणि मापांच्या जुन्या वह्या काढल्या. कदाचित काकांचा शर्ट पाहून तिला काही आठवलं असेल. सगळ्यात खालची वही. पहिलं पान. पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीची माझी शाई तितकीच निळी होती.

"भरायचा तर काठोकाठ भर, नाहीतर रिकामा ठेव. अर्धा ठेवलास, तर नुसत्या उबेनेही रडेल."

माझंच वाक्य माझ्या मदतीला आलं, मित्रांनो. तुम्हीच सांगा, मी अभिमान का बाळगू नये?

मावशीने मला थेंब थेंब करत गळ्यापर्यंत भरलं. हवेला बसायला तिळभर जागाही ठेवली नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळलं, दुसऱ्या दिवशी निब वर करून पेल्यात उभं केलं आणि शेजारी गरम इस्त्री ठेवली. दुपारभर ती फ्रॉकच्या चुण्या दाबत राहिली, मी इस्त्रीच्या धगीत उभा राहिलो. मला गरम होत होतं. पण फुगायला आत कुणी नव्हतंच.

शेवटी ताईने कापड उलगडलं, चष्मा लावून खिडकीपाशी नेलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"एकही ठिपका नाही," ती म्हणाली. मग निकाल बघायला आलेल्या काकांकडे वळली. "तुमचा शर्ट दाखवू का शेजारी धरून?"

"निम्मं म्हणजे कमी धोका, असं मला वाटलं होतं," काका पुटपुटले.

मावशीने कापडाच्या तुकड्यांचं माझ्या मापाचं एक म्यान शिवलं. माप लिहायला मलाच घेतलं. पाणी हवंय, उजवीकडे की डावीकडे, भाचीचा पत्ता, अशी लागतील ती वाक्यं भाचीने तिकडच्या भाषेत कळवली, आणि मावशीने ती माझ्याकडून चिठ्ठ्यांवर आधीच उतरवून घेतली. मग मला पुन्हा काठोकाठ भरलं, म्हणजे वाटेत मला उघडायलाच नको.

विमानात मी तिच्या खिशात ताठ उभा होतो. हवा पातळ झाली, कान बंद झाले, बाळं रडली. मी रडलो नाही.

पलीकडच्या विमानतळावर काचेच्या दाराबाहेर भाची उभी होती. तिने मावशीला मिठी मारली. बटण आईच्या कोटामागे लपली. नुसता एक डोळा दिसत होता. मावशी तिथेच जमिनीवर बसली, गुडघ्यावर वही घेतली आणि माझं टोपण काढलं. तिने लिहिलं आणि वही वळवून धरली.

तो डोळा पुढे आला. मग दुसरा. मग सगळी बटण.

"बटणा," तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "तू जागेवर आहेस का? मी दोरा घेऊन आलेय."

चार वर्षांनी मावशीचं बोलणं हवेत उमटलं. त्या गर्दीत चार माणसांनी मागे वळून पाहिलं, इतकं मोठ्याने.

"आई, आवाज नाही बसलेला," बटणने जाहीर केलं आणि मावशीच्या मांडीवर जाऊन बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या डब्यात, खणात माझा कुणी भाऊबंद पडला असेल. त्याला मखमल नको. कोमट पाणी द्या, त्याची जीभ मोकळी करा, आणि काठोकाठ भरा. मग कुणाला तरी चार ओळी लिहा. आम्ही वापरून झिजतो ते खरं, पण पडून राहिलो, की मुके होतो.

आता थांबतो. बटणने माझं टोपण उघडलंय, चिरेवर बोट न दाबता, मावशीने शिकवलं तसं. मावशीला काहीतरी बोलायचंय.