आजोबांच्या पाठीमागचं नेट

आमच्या घरात नेट आजोबांच्या पाठीमागून येतं. म्हणजे भिंतीवर त्यांचा फोटो आहे, फोटोमागे भोक आहे आणि भोकापलीकडे शेजारच्या काकू राहतात. काकू आपला फोन त्या भोकात ठेवून हॉटस्पॉट चालू करतात आणि आमच्या घरी एकविसावं शतक अवतरतं. काकू फोन घेऊन बाजारात गेल्या की शतकही त्यांच्याबरोबर भाजी आणायला जातं.

याच थाटात माझ्या धाकट्या बहिणीने सातवी पार केली. तिला आम्ही बटण म्हणतो, कारण आमच्या फोनचं रुसलेलं बटण नेमकं कसं दाबायचं ते फक्त तिला जमतं. तिला एका वसतिगृहाच्या शाळेत जायचं होतं. शाळा हुशार पण गरजू मुलांसाठी. तिथे म्हणे प्रत्येकाला स्वतःचं टेबल आणि स्वतःचा संगणक मिळतो. त्या टेबलासाठी पोरीने जिवाचं रान केलं.

प्रवेश परीक्षा घरूनच, फोनच्या कॅमेऱ्यासमोर द्यायची होती, 'मुलांच्या सोयीसाठी'. सोय अशी की खोली शांत हवी, मूल एकटं हवं, मागची भिंत मोकळी हवी. दुसरं कोणी दिसलं किंवा ऐकू आलं की फोन इशारा देणार, आणि तिसऱ्या इशाऱ्याला परीक्षा बंद.

सराव परीक्षेतच फोनने आजोबांना पकडलं. 'दुसरी व्यक्ती दिसत आहे.' जे जन्मात शाळेची पायरी चढले नाहीत, ते मेल्यावर कॉपी पुरवताना सापडले. फोटो काढला तर भोक उघडं पडलं आणि भोकात काकूंचा डोळा.

"जमतंय का गं?" काकूंनी विचारलं. दुसरा इशारा.

आई घरीच इस्त्रीचं काम करते. तिने गठ्ठ्यातून बंगल्यातल्या साहेबांची पांढरी चादर काढली, कडक इस्त्री केली आणि भिंतीभर लावली. गिऱ्हाइकाचं कापड वापरणं आईच्या लेखी चोरीच. "एका दुपारचा तर प्रश्न आहे," ती म्हणाली. मला नाही, चादरीला.

परीक्षेच्या दिवशी बटण आत, आई आणि मी बंद दाराबाहेर. इस्त्री बंद, काकूंचा टीव्ही बंद, काकूंचं तोंडसुद्धा बंद. आणि कधी नव्हे ते साहेब स्वतः चादर न्यायला आले. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते.

"झाली का चादर?"

आई हळूच म्हणाली, "साहेब, जळाली."

मी बघतच राहिले. आईच्या हातून आजवर साधा रुमाल जळाला नव्हता.

साहेबांचा पारा चढला. "इतकी वर्षं कपडे देतोय, आणि हे असं काम?"

आत फोन टुंग वाजला. पहिला इशारा. माझी जीभ शिवशिवत होती. मी तोंड उघडलं तसा आईने माझा हात घट्ट दाबला. साहेब तिची अक्कल काढत राहिले आणि ती हात जोडून ऐकत राहिली. पुन्हा टुंग. पण समोरून कोणी भांडेना, तेव्हा साहेबांचाही उत्साह ओसरला. "भरपाई द्या, आणि आजपासून कपडे बंद," एवढं बोलून ते गेले. मला आईचा अभिमान वाटत होता आणि तिचाच भयंकर रागही येत होता. तिसरा टुंग वाजला नाही.

बटण पास झाली, तीही पहिल्या काहीजणांत. मग शाळेतल्या सरांचा फोन आला.

"अभिनंदन. फक्त समितीने परीक्षेचा व्हिडिओ पाहिला. स्वतंत्र खोली, मागे स्वच्छ पांढरी भिंत, नेट एकदाही तुटलं नाही. घरी एवढी उत्तम सोय असताना तुम्ही जागा अडवणं बरं नाही. ती आम्ही खऱ्या गरजू मुलाला दिली." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "भिंतीला रंग कुठला दिलाय हो?"

मी फोन ठेवला.

चादरीची भरपाई आईने दिली, त्यामुळे चादर आता आमची. बटण तीच पांघरून फोनवर अभ्यास करते. काल मी आजोबांना परत भिंतीवर लावायला घेतलं, तर तिने माझा हात धरला.

"ताई, पुढच्या वर्षी मी परत बसणार आहे. तेव्हा चादर नको आणि आजोबा पण नकोत. भोक दिसलं पाहिजे."