दोन्ही टाळणंच

दवाखान्यातून फोन आला तेव्हा माझ्या हातात शिलाई मशीनची बॉबिन होती. ही गेली, असं पलीकडून सांगितलं. छातीत दुखतंय म्हणून सकाळी स्वतः चालत गेली होती. "तुम्ही काम करा, मी येतेच," म्हणाली होती.

माझं मशीनदुरुस्तीचं काम आणि तिची इंग्रजीची शिकवणी, दोन्ही आमच्या पुढच्या खोलीतच चालायचं.

मेव्हण्यानं मला बाजूला घेतलं. "भावोजी, आईचं खुब्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय. जरा उठून बसू दे. तोवर काही सांगू नका."

मी मान हलवली. सासूबाई रोज संध्याकाळी मला फोन करायच्या. पायाचं सांगायच्या, मी ऐकायचो. लेकीचं नाव त्या काढत नव्हत्या, मीही काढत नव्हतो. मला ते बरंच वाटत होतं.

एका संध्याकाळी हिच्याकडे शिकणारी नर्स पुस्तक परत द्यायला आली. तिची परीक्षा तोंडावर आली होती.

"काका, एक राहिलंच बघा. अव्हॉइड आणि इव्हेड. मॅडम सांगणार होत्या. मला तर दोन्ही टाळणंच वाटतं."

"ते मला येतं," मी म्हणालो.

ती चकित झाली. पण हे दोन शब्द ही माझ्यावरूनच तर शिकवायची, तेही माझ्यासमोर. "आमचे हे बाजाराच्या दिवशी नेमकं मोठं काम काढून बसतात. गर्दीत जायलाच नको. ते अव्हॉइड. आणि मी समोर उभी राहून विचारते, हा चष्मा मला शोभतो का? की लगेच तेलाची कुपी शोधायला लागतात. ते इव्हेड. उत्तर द्यायचं असतं आणि माणूस सटकतो." मुली खो खो हसायच्या. मी खाली मान घालून कुपी शोधत राहायचो.

नर्सही हसली, मग डोळे पुसले. तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, एक विचारते. खरं सांगाल?"

"विचारा ना, आई."

"माझी पोर आहे ना?"

माझा हात कुपीवर गेला. "तुमच्याजवळ कोण आहे आत्ता?"

"सून आहे. ते राहू द्या. पोर आहे का?"

नर्स माझ्याकडेच बघत होती. मी कुपी खाली ठेवली.

"नाही, आई. गेली ती."

त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. विचारायचा धीर होत नव्हता. रोज फोन लावायचे आणि पायाचंच बोलत बसायचे." मग विचारलं, "जेवता का वेळेवर?"

"जेवतो की."

"तसं नाही. आज जेवलात का?"

"नाही."

"मग जेवा आधी," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे रडायला लागल्या. मी फोन कानाशी धरून बसून राहिलो. नर्स न सांगता आत गेली. भांड्यांचा आवाज आला.

चष्मा अजून फळ्याच्या कडेला खिळ्यावर अडकवलेला आहे. तो तिला शोभायचा. सांगायचं राहिलं.