खिळ्यावरचं मडगार्ड

दिग्विजयनं गाडीचं मागचं मडगार्ड काढून आणलं, तिथनं जळोचीच्या त्या घरात कुरबुर सुरू झाली. बारामतीत भिगवण रोडच्या कडेला गाड्या नटवून देणारा एक जण बसतो. पोरगं सकाळी त्याच्याकडं गेलं ते दुपारी परत आलं, आणि गाडी मागून बघावी तर शेपूट छाटलेल्या बैलासारखी. नंबरप्लेट आखडून दिव्याखाली घेतलेली, साडीगार्डाची जाळी गायब, मागचं चाक सगळं उघडं. काढलेला ऐवज गोणीत बांधून टाकीवर ठेवलेला.

बाप, मोहनराव, पडवीत कॅरेटात वांगी भरत बसले होते. हातातलं कॅरेट खाली ठेवून त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"झ्याक," ते म्हणाले. "आता पुढचं चाकबी काढ. अजून हलकी पळंल."

"तात्या, तुमाला न्हाय कळायचं. सगळी पोरं काढत्यात. लुक बगा की जरा."

"लुक काय चाटायचाय? मडगार्ड कशाला देत्यात, ठावं हाय का? कंपनीवाल्याला काय पत्रा जास्त झालता?"

"कशाला देत्यात?"

"चिखल उडू न्हाय म्हणून."

"मग ह्या चैताच्या उन्हात चिखल कुठनं आणायचा, ते सांगा."

पोरगं बोललं ते खोटं नव्हतंच. आभाळात ढगाचा पुंजका नव्हता, रस्त्यावर फुफाटा उडत होता, शेतात ठिबकच्या नळीखाली हातभर ओल तेवढी. तरी बाप तो बापच. त्यांनी गोणीतलं मडगार्ड आणि जाळी काढून गोठ्यातल्या खिळ्यावर टांगली. "मिरगात मागशील," म्हणाले, आणि परत वांग्यांना भिडले.

संजीवनीला, म्हणजे दिग्विजयच्या आईला, असल्या वादात गोडी नव्हती. गाडी कशी का दिसेना. तिला एवढंच कळत होतं की लेकाच्या मागं एका अंगानं बसून ती वर्षातनं दोन-चारदा माहेरी जायची, ते आता बंद झालं. उघड्या चाकात पदर गेला म्हणजे संपलंच.

"आन मी कुठं बसायचं?" तिनं विचारलं.

"तुला चारचाकीतनं न्हेतो की. जरा दम धर." असं म्हणून त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला. पोरगं असं लाघवी होतं. लहानपणापासून आईला हसवून सुटायची त्याला सवय, आणि तिलाही सुटू द्यायची. एकुलत्या एकाला कोण किती धरून ठेवतं? एका कंपनीत ठेकेदाराकडं तो कामाला जायचा. कधी दिवसाची शिफ्ट, कधी रात्रीची. ती कधी कुठली, हे तो सांगेल तेच खरं.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी रात्रपाळीवरून आलेल्या दिग्विजयनं शर्ट मोरीपाशी टाकला. तिनं तो उचलला तर पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा.

"दिग्या, ह्यो कुठनं आणलास रं?"

"कॅनॉलला पाणी सुटलंय. रस्त्याकडंला पाझारलंय," आतनं उत्तर आलं.

"तात्यांचं ऐकलं असतंस तर माझं हात वाचलं असतं," असं पुटपुटत ती धुवायला बसली. कॅनॉलकडचा चिखल तांबूस असतो, साबण लागला की सुटतो. हा राखाडी, लोण्यासारखा मऊ आणि चिवट. घासताना तळहाताला बारीक काहीतरी टोचलं. शिंपल्यांचा चुरा. तिनं हात नाकाशी नेला, तर माशाचा उग्र वास.

संजीवनीचं माहेर डाळज, उजनी धरणाच्या काठचं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं हटायला लागलं की मैलभर गाळ उघडा पडतो, आणि माणसं त्या पाण्यापाठोपाठ पाणी उपसायच्या आपापल्या मोटारी सरकवत नेतात. त्या गाळात रुतत, शिंपल्या वेचत ती वाढलेली. हा वास तिला कुणी शिकवायला नको होता.

तिला आनंदच झाला हो, काय सांगावं. पोरगं गुपचूप मामाला भेटून आलं म्हणायचं. तिनं ओल्या हातानंच भावाला फोन लावला. आप्पा तिच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा, बापाच्या जागी.

"आप्पा, दिग्विजय आलता का रं तुझ्याकडं?"

"न्हाय बा. येतोय काय? येऊ दे की." आप्पाचा आवाज खोल गेलेला. "अगं संजू, राच्चं आपली मोटार फोडली. पाण्याकाठची. आतली तांब्याची तार काढून न्हेली भाड्यांनी, केबलबी कापली. शेजारच्या दोघांचीबी तीच गत. पेरूची बाग हाय, आता पाणी कुठनं पाजू?"

नळाखाली शर्ट भिजत होता. राखाडी पाण्याची धार मोरीतनं वाहत चालली होती. संजीवनी बघत राहिली. "आप्पा, तुझा आवाज तुटतोय," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आवाज कुठंच तुटत नव्हता.

मन चिंती ते वैरी न चिंती. तिनं आपल्याच मनाला दटावलं. एका गाळावरनं पोटच्या पोराला चोर ठरवायचं? दुसरीकडं कुठं गाळ नसतो का? पण ते मन तेवढ्यावर गप्प बसेना. दिग्विजयचा एक नवा दोस्त होता, शंभूराज. गाडी फाटकाबाहेरच उभी करायचा, घरात कधी पाऊल टाकायचा नाही, चहाला बोलावलं तर "नको मावशी, घाईत हाय" म्हणायचा. त्याच्या चुलत्याचं इंदापूरला भंगाराचं दुकान होतं. हे सगळं तिला आधीही ठाऊक होतं. फक्त आता ते एकाशेजारी एक येऊन बसलं.

पुढच्या आठवड्यात परत शर्ट. परत तोच पट्टा. ह्या वेळी तिनं काही विचारलं नाही, आणि त्यानं कॅनॉलचं नाव घेतलं नाही. तिनं शर्ट धुतला, दोनदा धुतला, आणि आतल्या दोरीवर वाळत घातला. असं तिनं का केलं, हे तिलाच सांगता आलं नसतं.

त्याच दुपारी आप्पाचा फोन आला. गावात अजून चार मोटारी गेल्या होत्या.

"पोरं पेटल्यात," आप्पा म्हणाला. "गावला तर जित्ता सोडायचा न्हाय म्हणत्यात. मी नवी मोटार बसवलीया. आता मीच जाऊन झोपतो तिच्यापाशी."

"तू कशाला? गुडघं धरत न्हायत तुझं. दुसरं कुणी न्हाय का?"

"माझी मोटार मीच राखायची. आन भ्यायचं काय त्यात? आपल्याच भागातली पोरं असणार. मला बगून पळत्याल."

संजीवनीनं फोन ठेवला. एकाच काठावर एका अंगाला भाऊ, दुसऱ्या अंगाला लेक, आणि मधे काठ्या घेतलेलं गाव. कुणीही पडला तरी तिचाच पडणार. नवऱ्याला सांगावं तर मोहनराव तापट, पोराला भर रस्त्यात उभा चिरतील. भावाला सांगावं तर गावकरी पोराला मारतील. म्हणून तिनं ठरवलं, पोरालाच बोलायचं. पण आडून बोलायचं, म्हणजे तो आपण होऊन ओशाळेल आणि थांबेल. इथंच ती चुकली.

तो जेवायला बसला होता. ताटात भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "दिग्या, ते मडगार्ड लाव बाबा गाडीला. पाठीवर सगळा गाळ घेऊन हिंडतोयस. मला कळतोय त्यो गाळ. डाळजचा हाय."

दिग्विजयचा घास थांबला. त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत लाज नव्हती. हिशेब जुळवताना माणूस बघतो तसं तो बघत होता. मग हसला.

"तुला काय आई, गाळातबी माहेर दिसतंय."

"मामा राखणीला झोपतोय मोटारीपाशी," ती म्हणाली. "म्हातारा माणूस हाय."

"झोपू दे की," तो म्हणाला, आणि भाकरी मोडून कालवायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती कॅरेटं आणायला गोठ्यात गेली, तर खिळा मोकळा. अंगणात गाडीला मागचं मडगार्ड बसवलेलं, साडीगार्डाची जाळी बसवलेली, नंबरप्लेट जागेवर. शोरूममधनं आणल्यासारखी सालस गाडी.

"बगितलंस?" मोहनरावांना कोण आनंद. "आलं का न्हाय ताळ्यावर? बापाचं आज न्हाय तर उद्या ऐकावंच लागतंय."

संजीवनी मोकळ्या खिळ्याकडं बघत होती. आपण पोराला थांब म्हणून सांगायला गेलो, आणि कसं लपायचं तेवढं शिकवून आलो, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

त्या रात्री दिग्विजय शिफ्टला गेला. सकाळी आला तेव्हा ती दारातच उभी होती. त्यानं शर्ट काढून तिच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा केला. पाठ कोरी. घामाचा डाग तेवढा, बाकी काही नाही.

"झालं समाधान?" तो म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला.

कोरा शर्ट हातात धरून ती उभी राहिली. आता ह्या पाठीवरनं तिला कधीच काही कळणार नव्हतं. एवढ्यात फोन वाजला. डाळजवरनं मुक्ताबाई, आप्पाची बायको.

"वन्सं," मुक्ताबाई म्हणाली, आणि एकदम बोलत सुटली. आप्पाच्या डोक्यात कुणीतरी लोखंडी गज घातला होता. मोटारीपाशीच पडला होता, अर्धा पाण्यात. इंदापूरला दवाखान्यात ठेवलंय. शुद्ध नाही. "पर मधनंच 'दिग्या, दिग्या' म्हणत्यात. दुसरं कुणाचं नाव न्हाय. पोराचं न्हाय, माझं न्हाय. भाच्यात जीव अडकलाय त्यांचा. घिऊन या त्याला, वन्सं, लवकर घिऊन या. हितं पोलीस आल्यात. आपली पोरंबी गाड्या बगत फिरत्यात, कुणाच्या चाकाला गाळ हाय ते."

मोहनराव शेजारीच होते, फोनमधला आक्रोश त्यांनी ऐकला होता. त्यांनी मोरीकडं हाक मारली, "दिग्या, कपडे घाल. मामाला मारलंय कुणीतरी. तुझं नाव घ्यायला लागलाय."

मोरीतलं पाणी थांबलं. दिग्विजय बाहेर आला. तोंड पुसलेलं नव्हतं, हनुवटीवरनं पाणी गळत होतं.

"माझं नाव?"

"तुझंच. लाडका न्हाय का तू त्याचा?" मोहनराव म्हणाले. "आईला घेऊन हो म्होरं. मी हितलं आवरून यष्टीनं येतो. बरं झालं मडगार्ड बसवलंस, ती मागं बसंल आता."

तो कपडे घालायला आत गेला. संजीवनी अंगणात गाडीपाशी आली. वरनं गाडी स्वच्छ होती, फडकं मारल्यासारखी. ती वाकली आणि चाकाच्या वर, मडगार्डाच्या आतल्या अंगाला तिनं हात घातला. ओल्या गाळाचा लपका मुठीत आला. राखाडी, मऊ, आणि त्यात शिंपल्यांचा चुरा. मडगार्डानं आपलं काम चोख केलं होतं. पाठीवर उडायचं ते सगळं त्यानं आत धरून ठेवलं होतं.

तिनं हात पदरात गुंडाळला. लेक बाहेर आला तशी मुकाट्यानं मागं बसली.

जळोची मागं पडली. बारामती ओलांडून गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली. एरवी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायची, आज सीटमागची दांडी धरून बसली. दोन्ही अंगाला ऊस, मधनं रस्ता. ऊन तापायला लागलं होतं.

एका वळणापाशी रस्ता कॅनॉलच्या अगदी जवळनं जातो. तिथं पाण्यापर्यंत गाडी उतरेल असा उतार आहे. दिग्विजयनं गाडी कडेला घेतली.

"आई, उतर जरा. चाकावर पाणी मारून घेतो."

"कशाला?"

"घाण झालीया. पाव्हण्यांत अशी गाडी कशी न्यायची?"

"वरनं तर चकचकीत हाय."

त्यानं पायानं स्टँड लावला, उतरला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिनं पदरातला हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. गाळ आता वाळून तळहाताला चिकटला होता. त्याची नजर त्या हातावर खिळून राहिली.

"म्या मुद्दाम न्हाय केलं," शेवटी तो म्हणाला. आवाज बारीक, लहानपणीसारखा. "अंधार हुता. त्येनं वळखलं मला. नाव घेऊन हाक मारली. शंभ्या म्हणला, आता संपलं."

"गज कुणाच्या हातात हुता?"

त्यानं आपले हात मागं घेतले.

"मामा बोलवतोय तुला," ती म्हणाली. "पोलीसबी तितंच हायत. हाय तशी गाडी घेऊन चल. तू बोललास तर बरं. न्हायतर मी बोलंन."

"आई, उतर." त्यानं तिचा दंड धरला. आधी हळू, मग तसं नाही. "उतर म्हणतोय न्हवं."

तिनं त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. आजवर त्याच्यासाठी ती भीत आली होती. आज पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली.

त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. कॅनॉल काठोकाठ भरून वाहत होता. संजीवनीनं सीटमागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि ती उतरली नाही.